हात न लावलेली छत्री

अकोटहून निघालेल्या बैलबंडीने पहिला नाला ओलांडला न ओलांडला, तोच मोरोपंतमामांनी मांडीवरच्या पेटीत हात घातला. आतली एक चपटी लाकडी स्लाइड त्यांनी बाहेर काढली, तिचं झाकण वर सरकवलं आणि आत डोकावून समाधानाने म्हणाले, "आहे हो, काच आहे आत."

चारुशीला दचकून पुढे सरकली. श्रावणातलं असलं तरी सकाळचं लख्ख ऊन होतं, आणि ते सगळं त्या फोटोच्या काचेवर पडलं होतं.

"मामा, ती उजेडात उघडायची नसते."

"मी लगेच मिटली ना!"

"लगेच मिटून काय उपयोग? काच गेली."

"गेली कुठे? ही काय, आतच आहे." मामांनी स्लाइड कानाशी धरून हलवून पाहिली. "वाजतेय सुद्धा."

चारुशीलेने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि पेटी आपल्या पायांशी ओढली. तीन काचा घेऊन ती निघाली होती. त्यातली एक रस्त्यातच संपली. मामा अकोटच्या कोर्टातले नावाजलेले वकील. आपण चूक केली हे त्यांनी आजवर कुठल्याही न्यायाधीशासमोर कबूल केलं नव्हतं. ते भाचीसमोर करतील, ही आशा नव्हती. शिवाय त्यांच्यावाचून तिला येता आलं नसतं. "जंगलात जायचंय तर मामांबरोबर जा, नाहीतर घरी बस," असं आईने अमरावतीहून निघतानाच बजावलं होतं.

आणि जंगलात तर जायलाच हवं होतं. बी.एस्सी. झाल्यावर तिने नागपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या संशोधन-सहायकाच्या जागेसाठी अर्ज केला होता. प्रोफेसर बोधनकरांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुमचे गुण चांगले आहेत. चित्रंही छान काढता. पण ही जागा टेबलाशी बसणाऱ्याची नाही, रानात जाणाऱ्याची आहे. मुलीला हे जमेल का, यावर मी वाद घालत नाही. वारुळावर जी अळंबी उगवते ना, तिचा फोटो आणा. जागेवर उगवलेली, माणसाचा हात न लागलेली, वारुळासकट. सोमवारपर्यंत." आणि कॉलेजचा कॅमेरा त्यांनी तिच्यापुढे ठेवला. फोटो आला तर जागा तिची. नाही तर मंगळवारी ती दुसऱ्या कोणाला तरी मिळणार होती.

वारूळ सापडायला अडचण आली नव्हती. मामांचे एक अशील, खुशालराव, सातपुड्याच्या पायथ्याशी शेती करत. त्यांच्या वावराला लागून सागाचं रान होतं. तारखेला कोर्टात आले असताना त्यांनीच सांगितलं की वारुळावर छत्र्या, म्हणजे हीच अळंबी, भरपूर आल्या आहेत. मामांनी त्यांना तिथल्या तिथे निरोप दिला होता, "आमची भाची फोटो काढायला येते आहे. तयारी ठेवा."

हा निरोप मामांनी तिला बंडीत, चिखलात चाक रुतलेलं असताना सांगितला.

"तयारी? कसली तयारी?"

"मला काय ठाऊक? माणूस भला आहे, करील काहीतरी."

चारुशीला स्वतःच चाक ढकलायला खाली उतरली.

*

खुशालराव गोठ्यापुढे उभे होते. धुतलेलं धोतर, त्यावर काळा कोट, डोक्याला नवा फेटा, मिशांना तेल. फोटो छत्र्यांचा होता की त्यांचा, असा प्रश्न पडावा.

"या वकीलसाहेब! या ताई! सारं तयार हाय. तुमाले काहीच कराचं काम नाही. फकत बटन दाबा."

ओट्यावर सतरंजी अंथरली होती. सतरंजीवर पाट, पाटावर पितळेची परात, परातीत ओली माती थापलेली, आणि त्या मातीत छत्र्या रोवलेल्या. साऱ्या धुतलेल्या, पुसलेल्या, चकचकीत. मधोमध सगळ्यांत मोठी. दोन्ही बाजूंना उतरत्या उंचीच्या. पुढच्या रांगेत बारक्या, अजून न उमललेल्या. मागे पडदा म्हणून हिरवं लुगडं ताणून बांधलं होतं.

"हा मधातला घरचा कर्ता समजा," खुशालराव बोटाने दाखवत म्हणाले. "हे बाजूले भाऊबंद. अन् समोर लेकरं बसवली. मागं अकोटले फोटोवाल्यानं आमाले असंच बसवलं होतं."

चारुशीला खाली वाकली. प्रत्येक छत्रीचा देठ तळाशी सरळ, एका रेषेत कापलेला होता.

"यांची मुळं कुठे आहेत?" तिने विचारलं. "खाली लांब शेपटासारखं असतं ते?"

"होतं ना! हे एवढालं, हातभर. मातीनं भरेल. विळ्यानं कापून टाकलं. फोटोत काय चांगलं दिसते थे?"

वाळवीच्या घरातून, आत खोल, जिथून ही अळंबी उगवते तिथून वर येणारं ते शेपूट हीच या जातीची खूण होती. पुस्तकात तिने ते वाचलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. ती ओट्याच्या कडेवर बसली. रडावं की ओरडावं हे तिला ठरवता येईना, म्हणून तिने चष्मा पुसला.

खुशालरावांची बायको पार्वताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "पानी घे माय. तोंड काऊन उतरलं तुह्यं?"

"मला या जमिनीत उगवलेल्या हव्या होत्या हो."

"जमिनीतूनच तं काढल्या!" खुशालराव म्हणाले. "मी काय अकोटच्या बजारातून आनल्या?"

"तसं नाही. जशा होत्या तशा हव्या होत्या. काढायच्या आधी. माती, पालापाचोळा, सगळं जिथल्या तिथे."

पार्वताबाईने थोडा विचार केला. "म्हंजे घरच्या कपड्यात?"

"अगदी बरोबर! घरच्या कपड्यात."

"पाहा!" पार्वताबाई नवऱ्याकडे वळली. "मी म्हनतच होती, धुऊ नका."

"तू कवा म्हनली?"

"मनात म्हनली."

"मनातलं मले कसं आयकू येईन व?" खुशालराव आता खरोखर दुखावले होते. "सकाळपासून राबून राहिलो मी. ज्याचा फोटो काढाचा त्याले तोंड धुऊनच बसवा लागते का नाही, वकीलसाहेब?"

"प्रथा तशीच आहे," मामांनी निकाल दिला.

*

वारूळ तरी दाखवा, असं चारुशीलेने दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा खुशालराव हो म्हणाले आणि जागचे हलले नाहीत. शेवटी मामांनी घसा साफ केला. "चारू, त्याचं असं आहे की मी खुशालरावांना एक शब्द देऊन बसलोय. जोडप्याच्या फोटोचा."

"मला न विचारता?"

"तुला विचारायला तू तेव्हा अमरावतीला होतीस."

वाद घालण्यात ऊन वाया गेलं असतं. तिने तिपाई मांडली, काळं कापड डोक्यावर घेतलं. खुशालराव आणि पार्वताबाई लुगड्याच्या पडद्यापुढे उभे राहिले. खुशालरावांनी मधे परातही ठेवून घेतली. मेहनत फुकट कशाला घालवायची?

"आता हलायचं नाही हं."

"मले सांगू नका ताई. भावाच्या लग्नात मी फोटोत शिंकलो, तं माह्या जागी धुकं आलं. साऱ्या घरादाराच्या मधात एक कोट उभा अन् वर धुकं. बाप मरेपर्यंत बोलला मले." आणि ते असे ताठ झाले की श्वास चालू आहे की नाही हे कळेना. पार्वताबाईला मात्र हसू येत होतं, आणि ते दाबताना तिचे खांदे हलत होते.

दुसरी काच संपली. उरली एक.

मग खुशालराव आनंदाने पुढे झाले. वावराच्या धुऱ्यापलीकडे, बांध ओलांडला की, रान सुरू होत होतं. सागाची मोठाली पानं वर जुळलेली, खाली ओलसर काळोख, कुजक्या पानांचा वास. चारुशीलेला पहिल्यांदाच जरा बरं वाटलं. कुजलेल्या एका ओंडक्यावर पिवळ्या बुरशीचे कंगोरे होते, पलीकडे काहीतरी तांबडं, मोहरीएवढं. तिथेच बसून दिवस घालवावा असं तिच्या मनात आलं. पण मामा मागून विचारत होते की इथे साप असतात का, आणि खुशालराव सांगत होते की असतात.

वारूळ पुरुषभर उंच होतं. नागपंचमीचं हळदकुंकू अजून एका बाजूला दिसत होतं. पायथ्याशी, जिथून छत्र्या उपटल्या होत्या, तिथे भोकंच भोकं पडली होती. आणि आजूबाजूची जमीन लख्ख झाडलेली.

"झाडलं कोणी?"

"मी," खुशालराव म्हणाले. "म्हटलं, ताईचे पाय भरतीन."

चारुशीलेने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा खुशालराव परात घेऊन वारुळापाशी उकिडवे बसले होते आणि एकेक छत्री एकेका भोकात बसवत होते. "घ्या, लावून देतो परत. जशीच्या तशी. कोनाच्या बापाले समजत नाही."

"हे उत्तम झालं," मामा म्हणाले.

"मामा!"

"का? त्याच छत्र्या, तेच वारूळ, तीच भोकं. कोर्टात साक्षीदार मोटारीने आला की बंडीने, हे कोणी विचारत नाही. तो काय सांगतो ते बघतात."

"साक्षीदार मेलेला असला तर विचारत असतील ना?"

"ते बघावं लागेल," मामा म्हणाले.

खुशालरावांचं काम चोख होतं. तिने नुसतं पाहावं म्हणून कॅमेरा लावला आणि कापडाखाली शिरली. कॅमेऱ्याच्या मागच्या घासलेल्या काचेवर सगळं उलटं दिसत होतं, तरी चित्र सुरेख होतं. साऱ्या छत्र्या एकसारख्या उभ्या, साऱ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे. नागपूरला प्रोफेसर बोधनकरांना हे ओळखू आलं असतं का? तिने प्रामाणिकपणे विचार केला. कदाचित नसतं आलं. मातीत गाडलेला देठ खाली कापलेला आहे की नाही, हे फोटोत कोण पाहणार? सोमवार परवावर आला होता. शेवटची स्लाइड तिच्या हातात होती.

तिला सगळ्यांत जास्त राग याचाच आला की हे इतकं सोपं होतं. उद्या कोणीतरी या फोटोवर पट्टी ठेवून देठाची लांबी मोजेल, आणि ती लांबी खुशालरावांच्या विळ्याने ठरवलेली असेल. टोप्या कोणत्या दिशेला झुकतात हे कोणीतरी लिहून घेईल, आणि ती दिशा अकोटच्या फोटोवाल्याने ठरवलेली असेल. मग ती संशोधन-सहायक होऊन काय करणार होती? दर पावसाळ्यात खुशालरावांना नेमणार होती?

ती कापडाखालून बाहेर आली. "काढा त्या सगळ्या."

"आता अजून काय झालं?"

"काही नाही. हा फोटो मी काढणार नाही."

"चारू, एवढ्या लांब आलीस, अर्धा दिवस बंडीत हाडं खिळखिळी करून घेतलीस. माझीही," मामा म्हणाले. "हट्टाला काही मर्यादा?"

"मामा, त्यांनी हात न लागलेली मागितलीय. यांना हात लागलाय, पाणी लागलंय, विळा लागलाय." मग ती खुशालरावांकडे वळली. "सगळ्याच काढल्यात का तुम्ही? एकही उरली नाही?"

"चांगली एक नाही ठेवली," खुशालराव अभिमानाने म्हणाले.

"आणि वाईट?"

खुशालराव घुटमळले. "मांगच्या अंगाले एक हाय. पन तिच्याकडं पाहूच नका तुमी. वाकडी हाय. किड्यानं खाल्लेली. घरच्या फोटोत असं कोनी घेते काय?"

चारुशीला वारुळाला वळसा घालून पळालीच. मागच्या बाजूला, सागाच्या मुळाच्या बेचक्यात, ती होती. झाडू तिथवर पोचला नव्हता. छत्री एका कुशीवर कललेली, टोपीची कड कुरतडलेली, एका बाजूने चिरलेली. पण चिकट कुजकी पानं तिच्या देठाला चिकटून होती. देठाभोवतीची माती उकलून वर आली होती, आणि त्या फटीतून पांढऱ्या शेपटाची सुरुवात स्पष्ट दिसत होती, आत वाळवीच्या घराकडे जाणारी. शेजारी एक बारका कोंब टाचणीसारखा नुकता वर येत होता. टोपीखाली एक किडा निवांत खात बसला होता.

"मामा, तिपाई आणा! नको, तुम्ही नका आणू. मीच आणते."

खुशालरावांचा आता संयम सुटला. "ताई, हे कराचं नाही. आमच्या वारुळावून हे रोगट नागपूरले जाईन? सायेब लोक पाहतीन. म्हनतीन, खुशालरावच्या रानात असंच उगवते."

"तुमचं नाव मी सांगणार नाही."

"नाव नाही सांगनार?" हे तर त्यांना त्याहून वाईट वाटलं.

चारुशीलेने तिपाई आणून मांडली. बेचक्यात उजेड फार कमी होता. कोंब, चीर, माती, सगळं रेखीव यायचं तर भिंगाचं तोंड बारीक ठेवावं लागणार, आणि तोंड बारीक म्हणजे काच बराच वेळ उघडी. तेवढ्या वेळात वाऱ्याची एक झुळूक आली तरी टोपी हलणार. पार्वताबाईने न सांगता पदर पसरला आणि वाऱ्याच्या अंगाला जाऊन बसली. मामांना चारुशीलेने लांब एका दगडावर, पाठ करून बसवलं. मग कॅमेऱ्यात स्लाइड घातली, झाकण सरकवलं, भिंगावरची टोपी काढली आणि ओठांतल्या ओठांत आकडे मोजायला लागली.

ती अजून पहिल्या काही आकड्यांतच असेल, तेवढ्यात डावीकडून एक हात पुढे आला. रुंद, काळा, मनगटाला काळा दोरा. छत्रीकडे जाणारा.

"जरा सरळ करून देतो," खुशालराव हळूच म्हणाले. "तेवढीच."

"हलू नका!"

आणि खुशालराव हलले नाहीत. भावाच्या लग्नातलं धुकं आठवलं असावं. ते वाकलेले, एक पाय अधांतरी, हात पसरलेला, बोटं छत्रीपासून वीतभर लांब. तसेच गोठले. चारुशीला मोजत राहिली. हात काढा म्हणावं तर तो काढताना वारा लागणार. खुशालरावांच्या कपाळावरून घाम मिशीत उतरला. अधांतरी पाय थरथरायला लागला, पण हात अगदी दगडाचा.

"चारू, झालं का?" दगडावरून मामांचा आवाज आला. "मी वळू का?"

तिने उत्तर दिलं नाही. आकडा चुकला असता.

"ती बोलत का नाहीये? साप आहे का?"

टोपी भिंगावर बसली. चारुशीलेने सोडलेला श्वास पार्वताबाईलाही ऐकू गेला.

"आता हलू?" खुशालराव विचारत होते.

"हला."

ते धपकन खाली बसले आणि पोटरी चोळायला लागले. मग त्यांनी विचारलं, "माहा हात आला काय फोटोत?"

"आला."

"हं." त्यांनी हाताकडे पाहिलं. "पन अंगठी दुसऱ्या हातात होती."

"हाताचा फोटो भितीले टांगता काय आता?" पार्वताबाई म्हणाली, आणि मघापासून दाबलेलं हसू तिने एकदाचं सोडून दिलं.

*

सोमवारी प्रोफेसर बोधनकरांनी फोटो खिडकीशी नेला आणि टेबलावरचं मोठं भिंग काढलं. चारुशीलेने आदल्या दिवशी मामांच्या न्हाणीघरात, दार लावून, लाल कंदिलाच्या उजेडात काच धुतली होती. दारावर मामा "काय दिसतंय?" म्हणून टकटक करत होते. शेपूट दिसत होतं, कोंब दिसत होता, टोपीखालचा किडासुद्धा आला होता. आणि डाव्या कोपऱ्यात हात. तो मोजणी सुरू झाल्यावर चौकटीत आल्यामुळे पुरता भरला नव्हता. बोटांतून मागचं गवत अंधुक दिसत होतं. काचेवर चाकूने खरवडून तो काढून टाकणं अवघड नव्हतं. तिने चाकू घेतला होता आणि परत ठेवला होता.

"हा हात कोणाचा?"

"वारूळ ज्यांच्या वावराशेजारी आहे त्यांचा."

"काय करतोय तो?"

"छत्री सरळ करायला आले होते ते. फोटो चांगला यावा म्हणून. मी ओरडले, तर तिथेच थांबले."

प्रोफेसरांनी भिंग बोटांच्या टोकांवर नेलं. "आणि बाकीच्या? वारुळावर ही एकटी नसते कधी."

"बाकीच्या त्यांनी मी जायच्या आधीच उपटून, धुऊन ठेवल्या होत्या. ही वाकडी म्हणून सोडली. त्या परत भोकात रोवून पण दिल्या त्यांनी. मी तो फोटो घेतला नाही."

"का?"

"देठ कापलेले होते, सर."

"मला कळलं नसतं."

"नसतं कळलं," चारुशीला म्हणाली. तिच्या स्वरात शनिवारचा सगळा वैताग उतरला. "म्हणूनच तर नाही घेतला."

प्रोफेसर बोधनकरांनी फोटो खाली ठेवला. हात न लागलेली अळंबी आणा असं ते गेली कित्येक वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले होते, आणि पोरं शपथेवर सांगत की हात लावला नाही. हात लागायच्या आतच काढलाय हे फोटोतच दिसतं, असं आज पहिल्यांदाच झालं होतं. हे ते तिला म्हणाले, पण म्हणताना फोटोकडेच बघत होते. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, प्रयोगशाळेची किल्ली काढली आणि टेबलावर तिच्या बाजूला सरकवली.

"हात तसाच राहू द्या. अळंबी किती मोठी आहे त्याचा अंदाज येतो."

ती बाहेर आली तेव्हा व्हरांड्यातल्या बाकावर मामा चपराशाला सांगत होते की नाजूक काम होतं, काचांची खात्री त्यांनी स्वतः उघडून केली होती, आणि साक्षीदारही त्यांनीच हजर केला होता.

"मिळाली?" त्यांनी विचारलं.

"मिळाली, मामा."

"मी म्हणालोच होतो," मामा चपराशाला म्हणाले.

चारुशीलेने किल्ली मुठीत घट्ट धरली. तिला इतका आनंद झाला होता की कोणाला तरी सांगावंसं वाटत होतं. पण मामा आता अगदी पहिल्यापासून, नाल्यापासून सांगायला लागले होते, आणि चपराशी ऐकत होता.